लोर्नाचं फिटलेलं बिल

लोर्ना प्रुइट सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधत होती. ओहायो नदीकाठच्या त्या गावात ती एकोणीस वर्षं एकाच भाड्याच्या घरात राहत होती. म्हातारा मालक एबरसोल ते विकून मुलीकडे राहायला निघाला, तेव्हा त्याने आधी तिलाच विचारलं.

"एप्रिल संपेपर्यंत बँकेचं कर्ज मंजूर करून आण. त्यापुढे मला थांबता येणार नाही, बाई."

आड येत होतं एकच. दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. विमा कंपनीने हात वर केले आणि हॉस्पिटलने अडीच हजार डॉलरचं बिल वसुली कंपनीकडे दिलं; त्याची नोंद कर्ज देताना बँका बघतात त्या क्रेडिट रिपोर्टवर चढली. त्या कंपनीत फोनवर बसणारी ट्वायला हॅचर दर रविवारी चर्चमध्ये लोर्नाच्याच शेजारी उभी राहून गायची. दोघींत गाण्याचं पुस्तक एक.

"सगळे पैसे एकदम भरून टाक," ट्वायला म्हणाली. "ती नोंद तुझ्या क्रेडिट रिपोर्टवरून पुसायला लावते मी."

"तसं लिहून देशील?"

"माझ्याकडून कागद मागतेस? उद्या पाद्रीबाबांकडून प्रार्थनेची पावती मागशील!"

लोर्ना ओशाळून हसली. त्या गावात शेजारी उभं राहून गाणाऱ्या बाईकडून कोणी कागद घेत नसे.

मग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं जेवण झालं. कोणाचं आजारपण अंगावर आलं की गाव तिथे जेवायला जमतं. ताट आठ डॉलरचं, पण विसाची नोट टाकून कोणी सुटे मागत नाही. लोर्नाला बसवेना, स्वतःसाठी जमलेल्या पंगतीत ती स्वतःच वाढत राहिली. तरी सहाशे कमी पडले. तिने आईचं शिलाई मशीन विकलं आणि बिल फेडलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेतल्या तरुण अधिकारीबाईने, मिस कोलक्विटने, कागद तिच्यापुढे सरकवला.

"क्रेडिटचे अकरा गुण कमी पडताहेत, मिसेस प्रुइट. ही वसुलीची नोंद आहे ना, त्यामुळे."

"पण ते बिल मी फेडलंय. सगळं."

"हो, तसं लिहिलंय इथे. पण घराच्या कर्जाला आम्ही जे गुण बघतो, त्यात फेडलं न फेडलं सारखंच. बिल वसुलीला गेलं होतं, एवढंच मोजतात. सात वर्षं राहील ते." तिने फाइल मिटली. "ते पैसे तुम्ही घरासाठीच ठेवले असतेत, तर निदान हातात राहिले असते."

रविवारी गाणं संपल्यावर लोर्नाने ट्वायलाला गाडीपाशी गाठलं.

"नोंद तशीच आहे."

ट्वायला किल्ली शोधत राहिली. "आमची कंपनी नोंद काढत नाही गं. कधीच काढत नाही."

"तुला माहीत होतं?"

"महिनाअखेर होती. माझा वसुलीचा आकडा भरला नसता तर मला काढलं असतं."

"मग निदान बँकेला लिहून दे, तू मला शब्द दिला होतास म्हणून."

"नोकरी जाईल माझी, लोर्ना."

लोर्ना तिच्याकडे पाहत राहिली. किती ओळखीचा चेहरा. वरच्या पट्टीत जाताना या बाईचा श्वास कुठे तुटतो, हेसुद्धा तिला माहीत होतं. आणि हे एवढं माहीत नव्हतं.

घर कोलंबस शहरातल्या एका जोडप्याने घेतलं. मेच्या पहिल्या शनिवारी सामान हलवायला पाच-सहा जण आले, तशी ट्वायलाही नवऱ्याचा ट्रक घेऊन आली.

"पलंग माझ्या ट्रकमध्ये मावेल," ती हळूच म्हणाली. "दोन फेऱ्या करीन मी."

"कागदावर लिहून आणलंयस?" लोर्ना म्हणाली.

कोणी हसलं नाही. लोर्नाने गादीचं एक टोक उचललं आणि दुसरं धरायला शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली.