स्टाफरूमचं कुलूप

कोणी कितीही घाईने काही सांगायला आलं, तरी मोठ्या बाई आधी पेन्सिलीने खिडकीकडे खूण करत. "आधी खिडकी उघडा, मग तोंड." मोठ्या बाई म्हणजे वारज्यातल्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. करोनाच्या आधीपासून त्या हेच म्हणत, आणि आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

मी तिथे हिंदी शिकवते. करोना येण्याच्या आदल्या वर्षी आईने मला तिची एक किडनी दिली. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांमुळे साधी सर्दीसुद्धा मला महागात पडते. शाळा पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर संस्थेकडून निरोप आला, की जमत नसेल तर राजीनामा द्या. डॉक्टर म्हणाले, जपून राहिलात तर जाऊ शकता. मी मोठ्या बाईंना सरळ सांगितलं, "मला घरीही बसायचं नाही आणि मरायचंही नाही."

"दोन्ही नको ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझा वर्ग पटांगणाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडखाली हलवला, फळा तिथे टांगून घेतला. संस्थेचे चिटणीस तावातावाने आले. "अहो बाई, एका माणसासाठी एवढी उलथापालथ?"

"त्या माणसाने मुलांना शिकवायचंय, म्हणून. खिडकी उघडता का जरा?"

पण खरी पंचाईत वर्गात नव्हतीच. तुम्हीही पाहिलं असेल, दिवसभर आम्ही मास्क नाकावरून हलू द्यायचो नाही, आणि मधली सुट्टी झाली की मास्क हनुवटीवर, डबे मध्यभागी, सगळ्यांचे हात सगळ्यांच्या भाजीत. स्टाफरूमला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. ही अंगतपंगत मोठ्या बाईंनीच सुरू केलेली. त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी टेबलावर कायम असे.

एकदा जेवताना गणिताचे सर खोकायला लागले. "ठसका लागला हो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी दाराजवळ बसले होते, वाचले. माझा रिपोर्ट येईपर्यंत आई माझ्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसली होती.

त्यानंतर शाळेत गेले तर स्टाफरूमला कुलूप. "डबे पटांगणाच्या पायऱ्यांवर. एका पायरीवर एक जण," मोठ्या बाईंनी फर्मावलं. स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. लोणच्याची बरणी त्यांनी घरी नेली. तिचं त्यांना फार वाईट वाटलं असणार, कारण लोणचं वाढताना त्यांचा चेहरा जसा खुलायचा तसा तो पुढे कधी खुलला नाही.

सर बरे होऊन आले आणि उन्हात पोळीचा घास मोडत कुरकुरले, "एका किडनीसाठी सगळ्यांना पापडासारखं वाळत घातलंय."

मला ऐकू गेलं. मी डब्याला झाकण लावलं.

"हो, एका किडनीसाठीच," वरून मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या आईकडे आता द्यायला दुसरी नाही."

मी झाकण पुन्हा काढलं. भरल्या डोळ्यांनी अख्खा डबा संपवला.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभ सभागृहात ठरत होता. त्यांनी साफ नकार दिला. शाल-नारळ पायऱ्यांवरच उभ्याने घेतला. "भाषणं नकोत, ऊन आहे," एवढंच बोलल्या आणि लेकीकडे खराडीला राहायला गेल्या.

नवे मुख्याध्यापक आले. साथ ओसरली होती, त्यांनी कुलूप काढलं. माझ्या गोळ्या काही ओसरल्या नव्हत्या. मधल्या सुट्टीत आतून डब्यांचे, हसण्याचे आवाज येत होते, आणि मी एकटीच माझा डबा घेऊन पायऱ्यांवर आले. आता रोज असंच, हे मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात गणिताचे सर बाहेर आले. "आत फार कोंदतंय," कोणी न विचारताच म्हणाले, आणि दोन पायऱ्या सोडून बसले. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचेही आले.

सगळ्यात वरची पायरी तेवढी कोणी घेतली नाही. अजूनही घेत नाही.