बोला, लागलंय

सिद्धेश्वरी कलशेट्टी जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहायच्या. अजूनही तिथंच राहतात. मीच आता पुण्यात असते. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. एकोणीसशे ब्याऐंशी साली, विसाव्या वर्षी, त्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर फोन आधी बुक करावा लागे आणि ऑपरेटरने जोडून दिला की मग बोलणं होई. अक्का कानाला हेडफोन लावून मराठीत, कन्नडमध्ये आणि कामापुरत्या तेलुगूत बोलत अकलूज, श्रीपूर, माढा जोडून द्यायच्या. बारा वर्षांनी फोन जोडायचा तो बोर्डच निघाला. लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि अक्कांना तक्रारींच्या फायली लावायला बसवलं.

"सव्वीस वर्षं फायली लावल्या," त्या म्हणायच्या, "पण कुणी विचारलं तर मी ऑपरेटरच सांगते."

अक्का निवृत्त झाल्या होत्या आणि मी तेव्हा होटगी रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. एका दूध संघासाठी आम्ही अ‍ॅप करत होतो. गाय आजारी पडली की मोबाइलवरूनच डॉक्टरला बोलावता यावं, एवढंच त्याचं काम. अ‍ॅप तयार नव्हतं. नुसती मोबाइलच्या पडद्यांची चित्रं एकापुढे एक जोडलेली होती. असं कच्चं रूप हातात असतानाच एक तपासणी करतात, तिला कॉग्निटिव्ह वॉकथ्रू म्हणतात. वापरणाऱ्याच्या डोक्यात शिरून एकेक पायरी चालून बघायची आणि प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचं. आता काय करायचंय हे तिला माहीत असेल का? बटण दिसेल का? ते आपल्याच कामाचं आहे हे कळेल का? आणि दाबल्यावर काम पुढं सरकलं हे समजेल का?

आम्ही ती दोनदा केली. दोन्ही वेळा सगळी उत्तरं 'हो' आली. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना मी अक्कांना हे कौतुकानं सांगितलं.

"म्हणजे तुम्हीच विचारलं आणि तुम्हीच हो म्हणाला," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रमुखाला, विरेशला, विचारलं की अक्कांना तपासणीला बसवूया का. तो म्हणाला, "त्यांना अ‍ॅपमधलं काय कळतंय?" पण नाही म्हणाला नाही.

अक्का इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसत आल्या. मी पहिला पडदा दाखवला आणि म्हटलं, "अक्का, तुम्ही माढ्याकडच्या एका वस्तीवरच्या बाई आहात. गाय सकाळपासून खात नाही. आता काय कराल?"

अक्कांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले आणि कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं.

"ते नवीन जनावराची नोंद करायचं बटण आहे," विरेश म्हणाला.

"असेल की. पण अधिकचं चिन्ह दवाखान्यावर असतंय, औषधाच्या दुकानावर असतंय. त्या बाईला डॉक्टर पाहिजे. ती हेच दाबणार."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोनदा तपासताना हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटच्या पायरीवर त्या परत थांबल्या. निरोप गेला की हिरवी खूण येऊन दोन सेकंदांत जात होती आणि पहिला पडदा दिसत होता.

"हिला कसं कळणार की डॉक्टरला कळलं?"

"अक्का, खूण येते की," विरेश म्हणाला.

"तेवढ्यात गायीनं शेपूट मारलं तर?"

विरेश हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

नोकरीचं पहिलंच वर्ष. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेला एक माणूस. बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. त्यानं तिच्या गावच्या पोस्टात फोन बुक केला आणि दोन तास थांबला. अक्कांनी जोडून दिला. पलीकडून सासरा विचारत होता, 'बरं हाय का?' आणि हा गप्प. अक्कांना वाटलं लाइन गेली. कान देऊन ऐकलं तर त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मान हलवत होता गं तो," अक्का म्हणाल्या. "आयुष्यात फोन धरला नव्हता. सासऱ्यानं कंटाळून ठेवून दिला. मी रांग मोडून परत जोडलं आणि त्याला म्हटलं, बोला, लागलंय. मोठ्यानं बोला. मग बोलला. मुलगी झाली होती. आम्ही ऐकायचं नसतंय खरं, पण मी ऐकलं."

त्या दिवसापासून पहिला शब्द कानावर पडेपर्यंत अक्का लाइनवर थांबत. सुपरवायझर वेळ वाया जातोय म्हणून रागवायच्या. अक्कांनी ते मुकाट ऐकून घेतलं, पण सवय मोडली नाही.

विरेशनं वही ओढून लिहायला घेतलं. आठवडाभरात अधिकच्या चिन्हाच्या जागी गायीचं चित्र आलं आणि शब्द आले, 'डॉक्टर बोलवा'. शेवटचा पडदा डॉक्टरचं नाव आणि यायची वेळ दाखवत तसाच थांबू लागला. वर त्याला आवाजही हवा, असं विरेशनंच ठरवलं. पंखा बंद करून, खिडकीला चादर लावून आम्ही अक्कांचा आवाज घेतला, मराठीत आणि कन्नडमध्ये. पहिल्याच वेळी बरोबर आला.

चाचणीसाठी माढ्याजवळ गेलो तेव्हा अक्काही आल्या. मथुराबाई नावाच्या बाईंनी गोठ्याच्या दाराशी उभं राहून फोन चालवला. "डॉक्टरांना कळवलंय, ते निघालेत," असं अक्कांच्या आवाजात ऐकू आल्यावर त्या फोनलाच म्हणाल्या, "व्हय बाई, बरं झालं." अक्का त्यांच्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या गोठ्याबाहेर गेल्या.

परत येताना त्या मोहोळपर्यंत बोलत होत्या. रात्रपाळीला डब्यात ज्वारीची भाकरी आणणारी काशम्मा, उर्दूत गिऱ्हाइकाला समजावणारी एक मैत्रीण, दिवाळीत बोर्डावर एकदम पेटणारे सगळे दिवे. एकेक नाव येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत नुसतं हुं हुं करत होते. दिवसभराच्या उन्हानं डोळे मिटत होते.

आता पुण्यात मी रोज हेच काम करते. परवा अक्कांना फोन करून त्या उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीचं, तेव्हा मी नीट न ऐकलेलं नाव विचारलं. बराच वेळ आठवून त्या म्हणाल्या, "जिभेवर आहे बघ. आठवलं की कळवते."