अखाजीचा मुराळी आणि म्हातारी ऑटोमॅटिक

गाडी ओढत नाही म्हणजे काय, हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने धुळ्याहून एरंडोलमार्गे पाचोऱ्याला जाऊन यावं, तेही कडब्याच्या ट्रॅक्टरमागे. मी ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन कण्हतं, गिअर आपला विचार करत बसतो, तेवढ्यात समोरून ट्रक. परत ट्रॅक्टरमागे. डोकं फिरतं हो! स्टिअरिंगवर बुक्क्या मारतो मी.

दुसरी घ्या म्हणे. लकव्याने डावा पाय गेला, क्लच काय हाताने दाबू? ही जुनी ऑटोमॅटिक मिळाली तेव्हा कुठे पुन्हा माणसात आलो. नवी ऑटोमॅटिक पेन्शनीत बसत नाही.

म्हणून यंदा अखाजीच्या, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ठरवलं, हिचीच ताकद वाढवायची. पारोळा रोडवरचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, लॅपटॉप जोडून सेटिंग बदललं की इंजिन मस्त पळेल. पण गिअरबॉक्स म्हातारा झालाय. त्याला तो जोर सोसला नाही तर बसेल, आणि ह्या मॉडेलचा आता मिळत नाही."

"कधी बसेल?"

"उद्या बसेल, नाहीतर बसणारही नाही."

हे काय उत्तर झालं? "लाव तुझा लॅपटॉप," मी म्हटलं.

तो वायर जोडत होता आणि मला एका जागी बसवेना. जुन्या टायरवर टेकलो, उठलो, शेवटी अक्काला फोन लावला. अक्का माझी मोठी बहीण, पाचोऱ्याला दिलेली. आईवडील गेले, तरी दर अखाजीला मीच मुराळी होऊन तिला घरी आणतो.

"अक्का, यंदा बघ कशी भुर्रकन आणतो तुला!"

"आनि गाडी रस्तामाच बसनी ते?"

"तुझा पोरगा आहे ना. त्याच्या गाडीत ये."

 

"पोऱ्या सोडी गया ते मी पाव्हनी," ती हळूच म्हणाली. "भाऊ लेवाले येस, तव्हयच ते माहेर."

भाऊ न्यायला आला, तरच तिचं माहेर. गाडी बसली तर मला इकडेतिकडे नेणारा कुणी ना कुणी भेटेल, पण अक्काला आणायला मला स्वतःला पुन्हा कधी जाता येणार नाही.

"काढ तो लॅपटॉप," मी मिस्त्रीवर खेकसलो. त्याने मुकाट्याने वायर काढली.

अखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. एरंडोल सोडलं आणि समोर कडब्याचा ट्रॅक्टर, आहेच नशिबात! हॉर्न बडवला, शिव्या दिल्या, तो ढिम्म हलेना. ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता शिवशिवत होता. चैन मला आजही पडत नाही, खोटं कशाला बोलू?

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाच्याची नवी गाडी दारातच उभी होती. अक्का नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन, सकाळपासून ओट्यावर बसलेली.

"उशीर झाला गं."

"उना ना तू," आलास ना, एवढंच ती म्हणाली, आणि आपल्या हाताने माझ्या गाडीचं दार उघडून आत बसली.