मामांची लाल पेन्सिल

आमच्या चौलच्या मामांना युरोप जितका ठाऊक होता, तितका त्या काळी सबंध कुलाबा जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हता, आणि हे मी आजही कोणाशीही पैज लावून सांगेन. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. ते स्वतः मुंबईपलीकडे कधी गेले नाहीत. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. पण चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्या गावात कुठल्या पाद्र्याने उपासाच्या दिवसांत लोणी खाल्लं आणि त्यापायी किती जणांची डोकी फुटली, हे ते पोफळींना पाणी लावता लावता सांगत. घरातली एकादशी कधी ते मात्र त्यांना मामी सांगायची. "यांचं लग्न लागलं माझ्याशी, संसार चाललाय पोपाशी," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, आणि मामा पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "कुठल्या पोपाशी? एके काळी एकदम तीन-तीन होते."

पुस्तकं मुंबईच्या जुन्या बाजारातून आगबोटीने रेवदंड्याच्या बंदरात उतरायची. मामा बैलगाडी घेऊन जायचे आणि खोकं मांडीवर घेऊन यायचे. युरोपातले पाद्री, कवी, छापखानेवाले, चेटकीण म्हणून जाळलेल्या म्हाताऱ्या, सगळे त्यांच्या ओळखीचे. गावातल्या माणसांनाही त्यांनी तिकडची पदं वाटून टाकली होती. देवस्थानचे पंच अण्णा हे पोपाच्या दरबारातले कार्डिनल. मामीला त्यांनी एकदा मठाधिकारीण म्हटलं, तेव्हा त्यांना दोन दिवस ताकाशिवाय जेवावं लागलं.

या अभ्यासाची त्यांची एक रीत होती. कोणी काय म्हटलं ते वहीत जसंच्या तसं उतरवायचं, आणि ज्यावर विश्वास बसत नाही त्यापुढे लाल पेन्सिलीने बारीक फुली मारायची. जुन्या कागदावरचं काही खोडायचं नाही, खोटं असलं तरी नाही. खोटं कोण बोललं आणि का, तोच तर इतिहास, असं त्यांचं म्हणणं. ही पेन्सिल पुढे पुढे आवरेनाशी झाली. परगावी गेलेल्या माझ्या वडिलांचं "इकडील सर्व क्षेम" असं पत्र आलं, तर "क्षेम"पुढे फुली. वैद्यांनी दिलेल्या पुडीवर फुली. एकदा तर पंचांगात पावसाच्या भाकितापुढे फुली पडली आणि मामीने पंचांग वरच्या फळीवर ठेवून दिलं.

दर गुरुवारी मामा रेवदंड्याहून खाडी ओलांडून कोर्लईला जात. तिथे पास्कू नावाचा एक म्हातारा ख्रिस्ती राहायचा. जन्मभर त्याने चर्चमधल्या मेणबत्त्या लावल्या होत्या. तो मामांना फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, भाषा शिकवायचा. मामा होडीत छत्री घट्ट धरून, डोळे मिटून बसत आणि पलीकडे उतरले की पंधरा मिनिटं वाळूत पडून राहत. मग पास्कूच्या ओट्यावर वही उघडायची. एकदा त्यांनी त्याला पापक्षालनाबद्दल युरोपातल्या विद्वानांत किती मतं होती ते तासभर समजावून दिलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामानु, पाद्री सांगतो गुडगं टेक, मी टेकतो. आता गुडगं दुकतात. त्यावर तुमच्या बुकात काय हाय काय?" मामांनी तेही वाक्य उतरवून घेतलं. त्यापुढे फुली नाही.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला, आणि येत्या वैशाखात माझं लग्न ठरलेलं. नाताळच्या सुट्टीत मामांसोबत मीही कोर्लईला गेलो. पास्कूने ताडी घालून फुगवलेले पाव घरीच भाजले होते. बशी पुढे करून म्हातारा म्हणाला, "तुमी खानार न्हाय, ठावं हाय. पन सनाचा दिस हाय, इचारल्याबिगर राववत न्हाय." मामांनी एक पाव उचलून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पाव म्हणजे येशूचं शरीर की नुसता पाव, यावरून युरोपात शंभर वर्षं माणसं एकमेकांना कापत होती. चव तरी बघायला हवी." त्यांनी अर्धा खाल्ला. मी दोन खाल्ले, कारण पाव गरम होते आणि मला भूक लागली होती.

ओट्यावरचं खाणं लपतं कुठे? आठ दिवसांत गावभर झालं की मामा बाटले. माझं नाव कोणी घेतलं नाही. एवढंच कळलं होतं की बरोबर कोणीतरी होतं. पौषात देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. निकाल लिहून ठेवायचा होता आणि सबंध आळीत मामांसारखं अक्षर कोणाचं नव्हतं. तेव्हा अण्णांनीच वही मामांपुढे सरकवली. आपल्याच चौकशीचा कारकून होण्याचा मान युरोपात कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही. मामांचा चेहरा खुलला. तिकडच्या धर्मन्यायालयात कारकून आरोपीचा सुस्कारासुद्धा लिहायचे, म्हणून त्यांनीही सगळं लिहिलं, आणि पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: "अण्णांनी तपकीर ओढली. दोनदा शिंकले. नंतर धर्म बुडाला असे म्हणाले." मागे कोणीतरी खुसखुसलं. मामांनी तेही लिहिलं.

अण्णा म्हणाले, "पाव खाल्लात की नाही?"

"अर्धा."

"फिरंग्यांचं अन्न."

"एकादशीला तुमच्या ताटात बटाटा असतो, तोही फिरंग्यांच्याच गलबतातून आला. त्याला प्रायश्चित्त कोणी दिलं, तेवढं सांगा, लिहून घेतो."

अण्णांनी पुढचा प्रश्न टाकला. "बरोबर कोण होतं?"

मी वडिलांना खेटून बसलो होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लिहिता लिहिता म्हणाले, "एकटाच."

मग ठरलं ते असं. मामांनी पंचगव्य घ्यावं, चुकलो म्हणावं आणि पुन्हा कोर्लईला पाय ठेवू नये. नाहीतर त्यांच्या घराला वाळीत टाकावं. मामांनी शेवटचं वाक्य लिहून शाई सुकायला वाळू टाकली आणि म्हणाले, "चुकलो असं मला वाटत नाही, म्हणून म्हणणार नाही. येत्या गुरुवारी मी होडीत असेन." मग त्यांनी सह्यांसाठी वही फिरवली. वडिलांनी सही केली. त्यांच्या खाली मी केली. लाज वाटते, पण केली.

घरी मामी काय करील याची गावाला उत्सुकता होती, कारण कोर्लईहून आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय ती मामांना ओटीवर चढू देत नसे. अण्णांच्या घरून समजूत घालायला बायका आल्या. मामी दारातच म्हणाली, "यांना आंघोळ घालायची ती मी घालीन. गावाने पाणी तापवू नये." आणि दार लावून घेतलं.

तीन वर्षं त्या घरी कोणी भटजी गेला नाही. आपल्या वडिलांचं श्राद्ध मामांनी पोथी बघून स्वतःच केलं. हळदीकुंकवाला मामीला बोलावणं नसे. माझ्या लग्नालाही दोघं नव्हती. मीच बोलावलं नाही. गुरुवार मात्र एकही चुकला नाही, मळमळही नाही. पास्कू गेला त्या दिवशी मामा त्याच्या शवपेटीमागून अनवाणी चालले, आणि परत येऊन त्यांनी ते गावात स्वतःच सांगितलं. वाळीत टाकल्याचा ठराव कोणी मागे घेतला नाही. अण्णांचा नातू मुंबईहून येताना इराण्याकडचे पाव आणायला लागला, आणि ठरावाला कोणी विचारेना.

मामा जाऊनही आता वर्ष झालं. परवा मामीने मला चौकशीची ती वही दिली; ठरावाला कोणी विचारेनासं झालं तेव्हा ती मामांकडेच येऊन पडली होती. "तुलाच द्यायची म्हणाले होते," एवढंच बोलली. मी ते पान काढलं. अण्णांची शिंक, मागचं खुसखुसणं, बटाटा, सगळं जागच्या जागी होतं. अण्णांच्या "धर्म बुडाला"पुढे फुली नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मामांनी मान्य केलं असावं. सबंध चौकशीत लाल फुली एकच होती, मामांच्या स्वतःच्या "एकटाच"पुढे.

माझ्या सहीपुढे काहीच नव्हतं. मामांच्या नावापुढे खोटेपणाची खूण राहावी हे मला सहन होत नव्हतं आणि ती खोडायला हातही होत नव्हता, कारण कागदावरचं खोडायचं नाही हे त्यांनीच शिकवलेलं. मग दौत आणली आणि पानाच्या तळाशी लिहिलं, "दोघे होतो. मामांनी अर्धा खाल्ला, मी दोन." खाली पूर्ण नावाने सही केली. या वेळी शेजारी वडील नव्हते.