कृष्णकमळाची थाप आणि दारातल्या चपला

फुलपाखरांच्या काचघरातले माळीबुवा तसे देवमाणूस, पण मेहुण्याचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. हा गृहस्थ 'सहज दोन दिवस' म्हणून यायचा आणि महिना महिना हलायचा नाही. शिवाय झोपायचा बुवांच्याच पलंगावर, आणि बुवा बिचारे स्वयंपाकघराच्या फरशीवर. यंदा कितीतरी वर्षांनी त्यांना रजा मिळाली होती आणि ती स्वतःच्या पलंगावर लोळून काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढ्यात 'उद्या येतोय' असा मेहुण्याचा फोन आलाच.

रजेआधीच्या त्या शेवटच्या दिवशी काचघरात बुवा कृष्णकमळाच्या पानांवरची पिवळी अंडी नखाने खरवडत बसले होते. अंडी काही निघेनात. शेवटी तिथल्या कीटकतज्ज्ञ बाईंना हसू आवरेना.

"बुवा, ती अंडी नाहीत, पानाचेच फुगीर ठिपके आहेत. या वेलावरच्या फुलपाखराच्या अळ्या पानं तर फस्त करतातच, एकमेकींनाही खातात, म्हणून आधीच अंडी दिसली की मादी तिथे घालतच नाही. कधीकाळी काही वेलांना योगायोगाने असे ठिपके आले. तेच वाचले, त्यांचंच बी पसरलं. होता होता अख्खी जातच थापाडी झाली."

"मग फुलपाखरं कायमची फसली म्हणायची?"

"छे! बारकाईने बघणाऱ्या माद्या फसत नाहीत, मग त्यांची प्रजा वाढते. वेलाला पुन्हा नवी थाप शोधणं आलं. हे भांडण काही मिटत नाही."

हे शेवटचं बुवांनी ऐकलंच नाही. घर भरलेलं दिसलं की पाहुणा परत जातो, एवढंच त्यांनी डोक्यात पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातले झाडून सगळे जुने जोडे काढले, शेजाऱ्यांकडूनही मागून आणले आणि दारासमोर पसरले.

"अहो, हे काय आरंभलंय?" बायकोने विचारलं.

"अंडी घालतोय," बुवा म्हणाले आणि पलंगावर जाऊन आडवे झाले.

थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या काकू पडलेल्या चेहऱ्याने आल्या. मागोमाग दुकान बंद करून वाणी आला. दारात एवढ्या चपला म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असंच सगळे धरून चालले होते. येणारा प्रत्येकजण आपल्याही चपला तिथेच काढत होता, त्यामुळे ढीग वाढतच गेला. काकूंनी बायकोचा हात धरून हळूच विचारलं, "कधी झालं हो?"

एवढ्यात मेहुणा आला. चपला बघितल्या, बॅग जिन्यातच टाकली आणि त्याने हंबरडा फोडला.

"दाजी! अहो, मी यांच्या पलंगावर घोरत पडायचो आणि हा माणूस फरशीवर झोपायचा! कधी चकार शब्द काढला नाही हो!"

बुवा बनियनवरच धावत बाहेर आले. "अरे, जिवंत आहे मी!"

मेहुण्याने त्यांना अशी मिठी मारली की बुवांना श्वास घेता येईना. त्याचं नाक, डोळे, सगळं बुवांच्या खांद्यावर वाहत होतं. आपल्यासाठी कुणी इतकं रडेल, असं बुवांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांनाही भरून आलं.

"आता तुम्हाला एकटं सोडणार नाही, दाजी," मेहुणा हुंदके देत म्हणाला. "चांगला चार महिने राहतो."

बुवांना राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.