एक नंबरची दोरी

वॉटी लाउनी हा माणूस कधी कुणाच्या नजरेत भरला नाही, आणि त्याला तेच हवं होतं. आर्ब्रोथच्या बंदरामागे मासे धुरी देऊन भाजायची भट्टी आहे. तिथे चाळीस वर्षं तो हॅडॉक मासे जोडीजोडीने शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगत आला. धुरात माणूस दिसत नाही, ही त्या कामातली सगळ्यात मोठी सोय. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "या वासाशी कोण संसार करणार?"

त्याच्या लाजरेपणालाही एक तारीख होती. एकतीस वर्षांपूर्वी तेरा मैलांवर माँट्रोजला त्याच्या थोरल्या भावाचं, डॉडचं लग्न होतं. वॉटी नवरदेवाचा पाठराखा, अंगठी त्याच्या खिशात. आईने दोघांना एकाच ताग्यातले किल्ट, म्हणजे आमचे पुरुषी चौकड्यांचे घागरे, शिवून घेतले होते. सकाळी वॉटी बसथांब्यावर उभा राहिला आणि कारखान्यात मासे सोलायला निघालेल्या पाचसहा पोरींनी त्याला गाठलं. किल्टच्या आत काही घालायचं नाही अशी जुनी रीत, म्हणून किल्टवाल्याला आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात, आत काय घातलंय? पोरी नुसतं विचारून थांबल्या नाहीत. एकीने मागून कापड वर केलं. अख्खा थांबा खो खो हसला. वॉटीने जी धूम ठोकली ती थेट घरी, आणि आतून कडी. तिकडे डॉडने सासूच्या बोटातली अंगठी उसनी घेऊन लग्न उरकलं. खरी अंगठी वॉटीने दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवली! त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

नुकताच डॉड गेला. त्याच्या बायकोचं, नेटाचं पाकीट आलं. आत चार ओळी. "शुक्रवारी अकराला. डॉड सांगून गेलाय, काळे टाय नकोत, लग्नाला येतात तसे या. तू किल्ट घालून यायचंस, असं खास सांगितलंय." सोबत एक कार्ड. त्यावर शवपेटीचं चित्र आणि भोवती आठ आकडे. आमच्याकडे आठ जणांनी आठ दोऱ्या धरून पेटी खाली सोडायची असते, आणि कुठली दोरी कुणाची हे आधी कळवतात. एक नंबर डोक्याशी. सगळ्यात जवळच्या माणसाचा. वॉटीच्या कार्डावर एक होता.

वॉटी ते कार्ड घेऊन दोन दिवस बसला. डॉडने माफ केलं म्हणायचं, की जाता जाता सूड उगवला? दोरी द्यायची तर दे बाबा, पण किल्ट कशाला? काही केल्या उलगडेना.

शुक्रवारी त्याने कपाटातून तोच किल्ट काढला, पट्टे शेवटच्या भोकात अडकवले आणि थांब्यावर आला. कुणी काही बोललंच तर द्यायची उत्तरं त्याने रात्री घोकून ठेवली होती. पण कुणी हसलंच नाही. सायकलवरून जाणारा एक जण टोपीला हात लावून गेला. एका पर्यटक जोडप्याने खुणेनेच विचारून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. वॉटी पार गोंधळला. शिव्या खायला तयार होऊन आलेल्या माणसाला कुणी पेढा द्यावा, तशी त्याची गत झाली.

बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर हेदरच्या पांढऱ्या रानफुलांची कुंडी. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुणाचं लग्न रे बाळा?"

शुक्रवारी सकाळी दहा वाजता किल्ट, निळा टाय, कोटाला इस्त्री. दुसरं कुणाला काय वाटणार? 'मयत' हा शब्द वॉटीच्या तोंडातून निघेना.

"भावाचं," तो म्हणाला.

"अगं बाई! ऐकलंत का हो, याच्या भावाचं लग्न आहे!" म्हातारीने गाडीभर दवंडी पिटली. "या वयात?"

"उशीरच झाला जरा," वॉटी पुटपुटला.

"होऊ दे रे. बायको कशी आहे?"

"चांगली आहे. नेटा नाव." हे तरी खरं होतं. त्याने तिला एकदाच पाहिलं होतं, साखरपुड्याला.

मागून एक बाप्या ओरडला, "पाव्हणं, आत काय घातलंय तेवढं सांगा की!"

वॉटीने किल्ट गुडघ्यांवर दाबून धरला. पण म्हातारीच गरजली, "तुझ्या बायकोला विचार, तिला ठाऊक असेल!" गाडी हसली, आणि त्या हसण्यात वॉटी कुठे नव्हताच, हसं झालं होतं त्या बाप्याचं. म्हातारीने कुंडीतला एक तुरा खुडून वॉटीच्या कोटाला खोवला. "पांढरा हेदर. नवरदेवाला दे हो, भाग्याचा असतो."

आता मात्र वॉटीला बसवेना. मेलेल्या भावाचं लग्न लावून मोकळा झालास, वर त्याचा तुरा मिरवतोस? वाटेतलं इन्व्हरकिलर गाव आलं तशी त्याने घंटी दाबली. इथे उतरायचं, समोरून येणारी बस धरायची, घरी जाऊन कडी लावायची. ते त्याला येत होतं.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "लग्न माँट्रोजला ना हो? मग इथे कुठे उतरताय?"

"मला... जरा काम आहे."

"बसा खाली! नवरदेवाचा भाऊ वाटेतच उतरतो म्हणजे काय? अशी गंमत माझ्या गाडीत चालायची नाही."

सगळी गाडी "बसा, बसा" करू लागली. म्हातारीने किल्टचं टोक धरून त्याला खाली ओढलं आणि वॉटी बसला. एकतीस वर्षांपूर्वी किल्टला हात लावून बायकांनी त्याला पळवून लावलं होतं. आज किल्टलाच धरून एकीने बसवलं. त्याला काही सुधरेना.

माँट्रोजला ड्रायव्हरने विचारलं, "कुठलं चर्च?"

"चर्च नाही," वॉटी म्हणाला. "दफनभूमीच्या फाटकाशी थांबवा."

फाटकाशी लांब काळी गाडी उभी होती. भोवती तीसचाळीस माणसं, पुरुष सगळे किल्टमध्ये. बसमधल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

"भाऊ?"

"थोरला."

तिने त्याच्या कोटावरचा तुरा नीट केला. "मग जा. तुझ्यासाठी थांबलेत ते."

नेटा पांढऱ्या केसांची झाली होती. "आलास," एवढंच म्हणाली आणि त्याला डोक्याशी उभं केलं. धर्मगुरूने खूण केली, आठ जणांनी दोऱ्या ताणल्या. वॉटीने जन्मभर सुतळ्याच धरल्या होत्या, पेटीचं वजन त्याला जड गेलं नाही. पेटी निम्मी खाली गेली आणि समुद्रावरून वारा आला. तो थेट वॉटीच्या पाठीमागून आला. किल्ट छत्रीसारखा उलटून वर गेला आणि वरच राहिला. आत काय होतं ते मी सांगणार नाही, माँट्रोजच्या चाळीस माणसांना पक्कं ठाऊक आहे. ज्या क्षणाला तो जन्मभर भ्याला, तो पुन्हा समोर उभा होता, आणि झाकायला हात मोकळा नव्हता. एक हात सोडला तर डॉड डोक्यावर आपटणार.

वॉटीने दोरी सोडली नाही.

पहिली हसली ती नेटा. मग हसू गोल फिरलं, धर्मगुरूने पुस्तक तोंडावर धरलं. वॉटी लाल झाला, तरी हातभर हातभर दोरी सोडत राहिला. पेटी तळाला टेकली. नेटा डोळे पुसत त्याच्याजवळ आली.

"मी डॉडला म्हटलं होतं, वॉटी यायचा नाही, आणि आला तरी पळून जाईल. तर म्हणाला, त्याला एक नंबरची दोरी दे. दोन्ही हात गुंतले की पळणार नाही."

बाकीच्या सातांनी रिवाजाप्रमाणे आपापल्या दोऱ्या खड्ड्यात टाकल्या. वॉटीने आधी हेदरचा तुरा टाकला. "हा लग्नाचा," तो नेटाला म्हणाला. दोरी मात्र हातातच राहिली. शेवटी धर्मगुरूला जवळ येऊन सांगावं लागलं, "वॉटी, सोडा आता."