जहाजात जावयानं झोपावं कुठं?

चहा आधी पिऊन घ्या बाप्पा, मंग सांगतो. मागं हा किस्सा सांगताना आमच्या गल्लीतल्या डॉक्टरले असा ठसका लागला, की विचारू नका. अन् डॉक्टरलेच ठसका लागला तं त्याले न्यावं कोणाकडं? तुमाले माही इज्जत कशी गेली तेच ऐकायचं आहे ना? मंग ऐका. साधीसुधी नाही गेली. भर समुद्रात, माइकवरून गेली!

त्याचं असं झालं, आमच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली. माहा अमरावतीत फुलांचा धंदा, वलगावले मळा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे मांडव सजवले, अन् स्वतःच्या बायकोले नेलं कुठं? लय झालं तं चिखलदऱ्याले. तेही दुपारून परत, काहून की संध्याकाळी दुकानात हार बांधायचे राहत. म्हणून औंदा शोभाले म्हणलं, "चाल, तुले जहाजातून गोव्याले नेतो."

शोभा म्हणजे आमची सौभाग्यवती. ती हळूच म्हणे, "मायले बी नेऊ काय?"

तिची माय, म्हणजे माही सासू, दर्यापूरले राहते. सासरे गेल्यापासून एकटीच. बाईनं उभ्या जन्मात समुद्र पाह्यला नाही. शोभाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं हो! अशा टायमाले नाही म्हणणारा जवाई मी नाही. म्हणलं, "नेऊ ना! एका खोलीत तिघं राहू. जहाज आहे ते, एस्टी थोडीच आहे?"

इथंच फसलो.

फोनवर बुकिंगवाल्या पोरीनं विचारलं, "सर, काही विशेष प्रसंग?" मी छाती फुगवून लग्नाची पंचविशी सांगितली. माणसं तीन, हेही सांगितलं. पण तिसरं माणूस सासू आहे, हे ना तिनं विचारलं, ना मी सांगितलं.

अन् सासू कशी? जुन्या वळणाची. पंचवीस वर्षांत माह्यासंगं सरळ बोलली नाही. मी समोर बसलो असलो तरी शोभाले म्हणन, "त्याहिले विचार, चहा घेतेत काय?" मी आलो की डोक्यावर पदर, अन् खाटेवरून उठून खाली. आमच्याकडं मुक्कामाले आली की रात्री झोपाले शेजारच्या काकूकडं जाते. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याले मोठ्या कौतुकानं सांगत असो, "पाहा, याले म्हणतेत मर्यादा! आता राह्यली काय अशी माणसं?"

बरं. मुंबईले जहाजात चढलो. जहाज कायचं, अर्धं अमरावती पाण्यावर! खोलीचं दार उघडलं अन् पाहतो तं काय, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा हा एवढा मोठा बदाम! मधात टॉवेलचे दोन हंस, चोचीले चोच लावून बसलेले. अन् दारात उभं कोण? इकडून मी, तिकडून शोभा, मधात सासूबाई.

सासूबाईनं गर्रकन भिंतीकडं तोंड केलं. पदर पार नाकापर्यंत आला. कोणीतरी काहीतरी बोलायले पाहिजे होतं, अन् माह्या तोंडून काय निघावं? "गुलाब कालचा आहे."

धंद्याची सवय, दुसरं काय! शोभानं असं पाह्यलं की मी मुकाट्यानं सगळ्या पाकळ्या खिशातल्या दस्तीत भरल्या अन् दोन्ही हंस कपाटात कोंडले.

तेवढ्यात खोलीची व्यवस्था पाहणारा माणूस आला. त्यानं छताले कुठंतरी हात लावला अन् वरून तिसरा पलंग खाली आला, शिडीसकट! खालच्या डबल पलंगाच्या बरोबर डोक्यावर. तो हसत हसत गेला अन् आमी तिघं त्या पलंगाकडं पाहत राह्यलो.

आता तुमीच सांगा. सासूबाई खाली पोरीसंगं झोपल्या, तं जवाई वर. म्हणजे सासूच्या डोक्यावर जवायाचे पाय! सासूबाईले चढवलं वर, तं त्याहिचे गुडघे राहू द्या एकीकडं, पण वर सासू अन् खाली आमी नवरा-बायको? रामराम! बरं, मी खाली जमिनीवर झोपतो म्हणलं, तं जमीन होती कुठं? पलंग अन् भिंत यांच्या मधात माही एकच तंगडी मावत होती. दुसरी बाहेर व्हरांड्यात ठेवा लागली असती.

सासूबाई भिंतीकडंच पाहून बोलल्या, "शोभे, त्याहिले सांग. परवा सकाळी गोवा येते ना? मी उतरते न् घरी जाते."

"अवं माय, आत्ता तं आलो आपण!"

"या खोलीत त्याहिच्यासंगं मले झोप नाही लागायची. आधीच सांगून ठेवते बाप्पा."

शोभानं मले बाजूले नेलं. बाजूले म्हणजे बाथरूममधी, दुसरी बाजूच नव्हती. डोळे भरून आले होते तिचे. म्हणे, "तुमाले मी आजवर काही मागतलं काय? मायले समुद्र दाखवायचा होता मले. ती जर गोव्याले उतरली ना, तं मले जन्मभर लागन. काही बी करा, पण तिले उतरू देऊ नका."

बाहेर आलो अन् ठणकावून सांगितलं, "माही सोय वेगळी आहे! ज्याच्या लग्नाची पंचविशी असते, त्या नवऱ्याले जहाजवाले वर स्वतंत्र खोली देतेत."

शोभा म्हणे, "पंचविशीच्या दिवशी नवऱ्याले बायकोपासून वेगळं ठेवतेत?"

"मोठ्या जहाजात असंच असते. तुले काय माहीत?"

सासूबाईचा चेहरा असा खुलला म्हणता! "त्याहिले सांग, लय बरं झालं," म्हणाल्या अन् पहिल्यांदा ऐसपैस पलंगावर बसल्या. मले भरून आलं. काय ती मर्यादा!

रात्री उशी शर्टात कोंबून वरच्या डेकवर गेलो. लहानपण माहं अकोल्यात गेलं, उन्हाळाभर गच्चीवर झोपणारा माणूस मी. मले काय घरात अन् काय दारात! लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर दस्ती टाकून जागा धरली, आडवा झालो अन् असा झोपलो, असा झोपलो, की जहाज बुडालं असतं तरी मले सकाळीच कळलं असतं.

सकाळी डोळे उघडतो तं आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. दहा-बारा लोक दूर कठड्यापाशी फुगीर जाकिटं घालून, वर शाली गुंडाळून उभे, माह्याकडं टकामका पाहून राह्यले. अन् माह्याजवळ जहाजाच्या वर्दीतली एक बाई.

"सर, आप ठीक है? लोग रातभर बहुत परेशान थे."

म्हणलं, वा! किती चांगले लोक, अनोळखी माणसाची एवढी काळजी!

"आप यहाँ क्यों सोए?"

"मॅडम, अंदर सासू है."

"तो?"

"वो अंदर, तो मैं बाहर."

बाईचा चेहराच उतरला. "कब से चल रहा है ये?"

मले वाटलं, मर्यादेचंच विचारून राह्यली. मी अभिमानानं सांगितलं, "पच्चीस साल से!"

"और आपकी पत्नी कुछ नहीं कहती?"

"कहती है ना! बोली, कुछ भी करो, पर माँ जहाज से नहीं उतरनी चाहिए."

बाईनं माहा हात दोन्ही हातात घेतला. "आप चिंता मत कीजिए सर. अब हम देखेंगे."

काय पाहणार, मले काय माहीत? दिवसभर मले ज्यूस काय येते, शिरा काय येते! एका म्हाताऱ्या गुजराती बुवानं तं माह्या खांद्यावर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला. बाया सासूबाईकडं पाहून तोंडं मुरडत होत्या. सासूबाईचं कुठं लक्ष होतं? त्या सकाळपासून कठडा धरून उभ्या. "शोभे, हे संपत कसं नाही वं?" लहान पोरीवानी विचारत होत्या. झोप बी मस्त झाली होती त्याहिची. गोव्याले उतरायचं नावच काढलं नाही. शोभा माह्याकडं पाहून हसत होती अन् मी मनातल्या मनात स्वतःच्याच गळ्यात हार घालत होतो.

संध्याकाळी जेवाले बसलो. अख्खा हॉल भरलेला. अचानक दिवे मंद झाले. टाळ्या वाजवत जहाजाचे लोक केक घेऊन आले, थेट आमच्या टेबलाशी! मी म्हणलं, चला, पंचविशीचा केक आला. शोभानं पदर सावरला. अन् ती सकाळची बाई माइकवर बोलाले लागली.

"आज हम एक टूटे हुए परिवार को जोड़ना चाहते है. माँजी, पच्चीस साल बहुत होते है. अब तो जमाईजी को अंदर सोने दीजिए!"

हॉलमधी टाळ्यांचा कडकडाट! कोणीतरी शिट्टी बी मारली. केकवर लिहिलं होतं, 'माँजी, माफ कर दो.' माह्या हातातला पापड हातातच राह्यला.

"कैसी सास है," मागून एक बाई बोलली, चांगली ऐकू जाईन अशी. "बिचारा रातभर बाहर पडा था!"

सासूबाईनं शोभाले विचारलं, "बाहेर होते हे? याहिची तं वर खोली होती ना?" शोभानं माह्याकडं पाह्यलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ज्या मायले सुख द्यायले आणलं, तिची भर सभेत अशी शोभा! मले वाटलं संपलं आता. सासूबाई गोव्याची वाट बी नाही पाहत, इथूनच उडी मारतेत.

पण सासूबाई उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, माह्याकडं पाठ केली, अन् माइक हातात घेतला.

"मेरे जवाई सोने जैसे है," सासूबाई म्हणाल्या. "मैंने कभी बाहर नहीं निकाला. वो घोरते है."

"मतलब?" वर्दीवाल्या बाईले काही समजलं नाही.

मंग सासूबाईनं माइक तोंडाजवळ नेला अन् आवाज काढून दाखवला. "घर्रर्रर्र... खॉक्... फुस्स्स!"

अन् मागच्या टेबलावरून एक माणूस ताडकन उठला. "अरे, यही आवाज! हम तो समझे, इंजिन बिगड गया! हम सब रातभर लाइफ-जॅकेट पहन के खडे थे!"

त्यानंतर जे हसणं फुटलं ना, ते थांबेचना. सासूबाईले आता चेव आला होता. "एक बार दर्यापूर आए थे, तो गोठे में म्हैस ने दूध नहीं दिया. मैं इनके घर जाती, तो बाजूवाली के यहाँ सोती. पर मुँह पे कैसा बोलना? जवाई है!"

झाली माह्या मर्यादेची माती! मी शोभाकडं वळलो. "तू तं सांगायचं होतं मले!"

"सांगितलं होतं ना, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. तुमी म्हणले, मी नाही घोरत. मंग मी कानात कापूस घालाले लागली."

"पंचवीस वर्षं?"

"मंग? आपल्या वऱ्हाडात कापसाले काय तोटा हाय?"

केक सासूबाईनं कापला. तोंडं मुरडणाऱ्या त्याच बाया आता त्याहिच्या गळ्यात पडून फोटो काढत होत्या. वर्दीवाली बाई माह्याजवळ आली अन् लाजत म्हणाली, "सर, एक रिक्वेस्ट है. आज रात डेक पर मत सोइए. बाकी लोगों ने लिखकर दिया है."

म्हणजे खाली सासू, वर जनता. आता जावयानं झोपावं कुठं?

सासूबाई मात्र खुशीत होत्या. शोभाचा हात धरून म्हणाल्या, "शोभे, मले समुद्र लय आवडला वं. मी आता कुठी उतरत नाही." शोभाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, ते पाहून माही सगळी फजिती वसूल झाली. खरं सांगतो.

अन् मंग पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, शोभाले मधात न घेता, सासूबाई सरळ माह्याकडं वळल्या. आवाजात अशी माया, की मले गहिवरून आलं.

"जवाईबापू, गोव्याहून अमरावतीले जायाले गाडी भेटते काय?"

"भेटते ना आई. पण तुमी तं आता उतरत नाही म्हणलं?"

"मी नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी विचारून राह्यली."